आत्याची लोकर

धागा पुन्हा तुटला. आत्यानं चरखा थांबवला, तुटलेलं टोक हातातल्या पिंजलेल्या लोकरीत खुपसलं आणि उजव्या हाताची थरथर ओसरेपर्यंत तो मांडीवर दाबून धरला. समोर बसलेल्या मास्तरीणबाईंनी तेवढ्यात आपल्या टाक्यांत मान घातली. पोस्टमननी खिडकीबाहेर पाहिलं. काचेवर सगळी वाफ धरलेली होती. बाहेरचं काही दिसण्यासारखं नव्हतं.

खोली बेकरीच्या माथ्यावर होती. थंडी पडली की भट्टीची ऊब फरशीतून वर यायची. दर शनिवारी दुपारी चौघं तिथं जमायची आणि चपला काढून आधी तळपाय फरशीला टेकवायची. खालून ताज्या पावाचा वास, वर लोकरीचा. सुयांची टिकटिक, चरख्याची घरघर आणि अखंड गप्पा. उन्हाळ्यात कोण कुणाच्या घरी फिरकत नसे, पण हवेत गारवा आला की प्रत्येकाला या खोलीची ओढ लागायची.

मास्तरीणबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, तरी चूक दिसली की अजून समोरच्याला अख्खी ओळ उसवायला लावत. पोस्टमननी उभा जन्म पायपीट केली होती. आता ते फक्त मोजे विणायचे. "पायांचे उपकार फेडतोय," म्हणायचे, "बाकीच्या अवयवांनी काय केलंय माझ्यासाठी?" औषधांच्या दुकानात काम करणारी भाची मफलर सोडून कधी पुढे गेली नव्हती. आत्या लोकर कातायची. भाचीची आत्या, म्हणून सगळ्यांचीच आत्या.

एके काळी तिच्या हातची लोकर मिळावी म्हणून लोक थंडीच्या आधीच सांगून ठेवत. ओढली तर तुटायची नाही, गालाला लावली तर टोचायची नाही, आणि पहिल्या वितीपासून शेवटच्या वितीपर्यंत सारखी. मग हाताला कंप सुरू झाला. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की हे बरं होणारं दुखणं नाही. गोळ्यांनी सावकाश वाढेल, एवढंच. आता तिचा धागा इथं सुतळीएवढा जाड, तर पुढं कोळ्याच्या जाळ्यासारखा विरविरीत. ते पाहायलाही लागायचं नाही, बोटांनाच कळायचं. तरी लड पुरी झाली की कुणी ना कुणी हात पुढे करायचंच.

मागच्या शनिवारी पोस्टमन म्हणाले होते, "ही लड माझी. मागच्या मोज्यांत पाय असे शेकले, की सकाळी अंथरुणाबाहेर निघायलाच तयार नव्हते."

सगळे हसले होते. आत्याही हसली होती. घरी गेल्यावर मात्र खांदा ठणकायचा, भाची तेल चोळून द्यायची आणि आत्याच्या मनात यायचं, पुरे झालं. आज निघताना, केस सारखे करता करता, तिनं आरशासमोर ते वाक्य म्हणूनही पाहिलं होतं. पुढच्या वेळेपासून मी नुसती बसायला येईन. आतापर्यंत रेटलं ते एवढ्यासाठीच, की आपल्यामुळे यांचा खोळंबा नको. मास्तरीणबाईंचा मुलगा लांब, कडाक्याच्या थंडीत राहत होता. त्याचा स्वेटर अर्ध्यावर होता.

चहाची वेळ झाली. भाची आणि पोस्टमन खाली बेकरीत चहा आणायला गेले, मास्तरीणबाई हात धुवायला. आत्याजवळची पिंजलेली लोकर संपली होती. पिंजायचे ब्रश भाची नेहमी पडद्यामागच्या कपाटातून काढून द्यायची. एवढ्यासाठी कुणाची वाट कशाला बघायची, म्हणून आत्या भिंतीला धरून उठली आणि तिनं कपाट उघडलं.

ब्रश वरच्या फळीवर होते. खाली एक पोतं होतं, तोंड अर्धवट बांधलेलं. त्यातून करड्या लोकरीची लड डोकावत होती. आत्यानं ती ओढून काढली. मग तपकिरी, स्वेटरची. मग पांढरी, जिचे मोजे झाले असं पोस्टमननी सांगितलं होतं. तिच्या हातची लोकर पूर्वी जाणकाराला ओळखू यायची. ही कुणालाही आली असती.

प्रत्येक लड कोमट पाण्यात धुतलेली होती. पीळ बसावा म्हणून वजन टांगून वाळवलेली, अगदी आत्यानंच त्यांना शिकवलं होतं तशी. मग हलकेच गुंडाळून मध्ये डांबरगोळी घातलेली. विणायला बसण्याआधी जे जे करायचं असतं, ते सगळं कुणीतरी मन लावून केलेलं होतं.

पोत्याखाली आणखी एक पोतं होतं. रिकामं, कोरं, घडीही न मोडलेलं.

जिन्यावर पावलं वाजली. आत्यानं लडी आत सारल्या, ब्रश घेतले, कपाट लावलं. खुर्चीत येऊन टेकली तेव्हा तिला धाप लागली होती.

"कशाला उठलीस?" भाची दारातूनच म्हणाली. तिची नजर ब्रशांवर गेली, तिथून पडद्यावर. "मी दिले असते ना."

"वरच्याच फळीवर होते. मिळाले."

भाचीनं चहा पुढे ठेवला. कप अर्धाच भरलेला होता, हिंदकळू नये म्हणून. मास्तरीणबाई पदराला हात पुसत आल्या आणि चरख्यापाशी वाकल्या.

"भरत आली की चाती. ही लड मला हं, आत्या. पोस्टमनना देऊ नका. दुसरी बाही घ्यायचीय."

आत्याच्या ओठांवर आरशासमोरचं वाक्य होतं. तिनं कप खाली ठेवला.

"पहिली बाही कशी झाली?"

"छान झाली."

"जाडीभरडी नाही ना दिसत?"

"छे. विणल्यावर सगळं सारखं होऊन जातं." मास्तरीणबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जन्मभर मुलांच्या थापा पकडलेल्या बाईला स्वतःला मात्र धड थाप मारता येत नव्हती. "आणि ऊब काय आहे म्हणून सांगू. फोन केला की तो आधी तेच विचारतो, स्वेटर कधी पाठवतेस."

पोस्टमननी चहात बुडवलेलं बिस्किट तसंच धरून ठेवलं होतं. ते विरघळून कपात पडलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

आत्यानं एकेकाकडे पाहिलं. कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं.

"मग मला हात जरा भराभर चालवायला हवा," ती म्हणाली आणि तिनं ब्रश उचलले.

दिवेलागणीला दोघी घरी निघाल्या. भाचीच्या एका हातात चरख्याची पेटी होती, दुसऱ्या हातानं तिनं आत्याचा दंड धरला होता. वारा झोंबत होता. कोपऱ्यावरचा फुलवाला उरलेली फुलं बादलीत गोळा करत होता. त्याला ओलांडून पुढे गेल्यावर भाची म्हणाली,

"दमतेस ना गं आत्या?"

"वय झालं."

"हवं तर कातणं थांबवू या. यंदापुरतं. तू नुसती येऊन बसलीस तरी चालेल की."

भाचीनं हे अगदी सहज म्हटलं होतं. पण म्हणताना तिची दंडावरची पकड घट्ट झाली होती, आणि उत्तराची वाट बघताना तिची चालही मंदावली होती. आत्याला ते कळलं. नुसतं येऊन बसायचं. भिंतीकडेच्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून. येणाऱ्यानं आत आल्या आल्या विचारायचं, आज बरं वाटतंय का. बाकी विचारायला काही उरायचं नाही.

"आणि मग तुम्ही सगळे विणणार कशानं?" ती म्हणाली.

भाचीनं वळून पाहिलं. आत्या समोर नजर ठेवून, एकेक पाऊल जपून टाकत होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"तेही खरंच," भाची म्हणाली. तिचा हात भरून आला होता. तिनं पेटी दुसऱ्या हातात घेतली आणि आत्याला धरायला ती पलीकडच्या बाजूनं आली.