राजाचं भाषण संपेपर्यंत

नाटक मंडळीत मी आले ती कपडे शिवायला. लांबलेल्या तापातून नुकती उठले होते, अंगावर मांस म्हणून नव्हतं, म्हणून सगळे मला काडी म्हणायचे. माझी सख्खी मावशी तिथे माळ्यावर काम करायची. माळा म्हणजे रंगमंचाच्या वर, दोन्ही बाजूंना असलेला लाकडी सज्जा. तिथून दोरांनी पडदे आणि देखावे वरखाली करायचे. मला शिवणकामातून उठून तिथे जायचं होतं. मावशीला सांगितलं तर तिने माझा दंड दोन बोटांत धरून पाहिला.

"हा तर सुईत ओवता येईल गं."

तरी शिकवलं तिने. माळ्यावर एक लोखंडी नळ आडवा गेला होता, त्याला रोज सकाळी लटकायचं. घड्याळ कुणाकडे होतं! खाली तालीम चालायची, तेच आमचं मोजमाप. राजाचं काम करणाऱ्या काकांचं एक लांबलचक भाषण होतं. ते सुरू झालं की लटकायचं, संपलं की उतरायचं. पहिल्या दिवशी काका "प्रजाजनहो" म्हणाले आणि मी धपकन खाली.

"हात सुटले, मावशी."

"हात नाही सुटले. आता सोडते, असं तू आधी ठरवलंस, मग ते हातांना कळलं. तुझ्या तोंडाकडेच बघत होते मी."

मला असा राग आला! दुसऱ्या दिवशी त्या रागावरच दोन वाक्यं जास्त टिकले. टिकले म्हणून वाटलं, उद्या आणखी टिकेन. आणि तसं वाटलं म्हणून टिकलेही. ताकद आधी आली की हिंमत, ते मला अजून सांगता येत नाही. मध्येच मावशी ओरडायची, "बोटं रडायला लागली की पाठीला हाक मार!" वर्षभरात मी "हे सिंहासन मला नको" या वाक्यापर्यंत पोचले. त्याच्या पुढे भाषणाचा चांगला मोठा तुकडा होता. तो मी लटकून कधी ऐकलाच नव्हता.

तरी मावशीने मला चंद्राचा दोर दिला.

आमच्या नाटकात चंद्र आकाशातून खाली यायचा. लाकडी चंद्रकोर, आणि तिच्यात बसलेली चिमणी, म्हणजे मालकांची नात. चंद्राला बांधलेला दोर वरच्या कप्पीतून माझ्याकडे यायचा. त्याच्या दुसऱ्या टोकाला आकड्यांवर वाळूची तीन पोती लावलेली. चंद्र उतरायला लागला की पोती माळ्याशी वर यायची. तोल साधलेला असल्यामुळे हातांवर भार थोडाच पडायचा. माझ्याशेजारी पोती सांभाळायला पहिलवान असे. खराखुरा व्यायाम करणारा गडी, त्याचे दंड माझ्या मांडीएवढे. "काडे, जरा बाजूला हो, माझ्या श्वासाने उडशील," हा त्याचा रोजचा विनोद.

पहिलवानाला रंगमंच दिसत नसे. चंद्र टेकला आणि चिमणी उतरली, की खालचा माणूस दोन शिट्ट्या मारायचा. शिट्ट्या ऐकल्या की विचार न करता पोती काढायची, नाहीतर रिकामा चंद्र वर उडायचा, हा नियम. म्हणूनच आमच्याकडे कुणी नट चुकूनही शीळ घालत नसे.

त्या दुपारच्या प्रयोगात शिपायाच्या कामाला एक नवा नट होता. त्याला हे सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं.

चंद्र अर्ध्यावर आला होता. दोर खुंटीवरून काढून मी हातात घेतला होता. शिपायाने वर पाहिलं, आणि रंगात येऊन दोनदा झकास शीळ घातली.

पहिलवानाने दोन पोती उचलून खाली ठेवली.

दोर माझ्या तळव्यांतून सरकला. कातडं जळल्याचा वास आला, हे मी अजून विसरले नाही. दोन्ही पाय कठड्याला रोवून मी मागे कलले, आणि दोर थांबला. खाली चंद्र हिसका खाऊन हेलकावला. चिमणीने दोन्ही हातांनी कड धरली. तिच्याखाली दोन पुरुष उंचीचं अंतर, आणि त्याखाली फळ्या.

दोर खुंटीला घालायचा किंवा हळूहळू उतरवायचं म्हटलं तरी एक हात सोडावा लागणार. तेवढी सवड नव्हती. पोती परत लागेपर्यंत धरून ठेवायचं, बस्स.

"पहिलवान, पोतं लाव."

तो हलला नाही. आपण काय केलं ते त्याला कळलं होतं. कठड्याला धरून तो नुसता माझ्या हातांकडे बघत होता.

तेवढ्यात खालून काकांचा आवाज आला. "प्रजाजनहो!" काका जुने, मुरलेले. चंद्र अडकलेला बघून त्यांनी पुढचं भाषण अलीकडे ओढलं होतं. माझ्या पाठीने तो आवाज ओळखला, मनाच्याही आधी.

समोरच्या माळ्यावरून मावशीने सगळं पाहिलं. तिला यायचं तर एक जिना उतरून दुसरा चढायचा होता. निघण्याआधी तिने फक्त एक केलं: माझ्याकडे बघत स्वतःची पाठ ताठ केली.

बोटं रडत होतीच. मी पाठीला हाक मारली.

"पहिलवान," मी हळू आवाजात म्हटलं. ओरडले असते तर श्वास गेला असता. "माझ्याकडे बघू नकोस. पोत्याकडे बघ."

"पडेल ती... काडे, पडेल."

"मी सोडणार नाहीये. तू उचल."

"हे सिंहासन मला नको," काका म्हणाले.

इथे रोज माझे हात सुटायचे. तो शब्द आला आणि बोटं सवयीने उघडायला लागली. आता सोडते, हा विचार मला स्पष्ट येताना दिसला, दारात उभ्या राहिलेल्या माणसासारखा. मी त्याला आत घेतलं नाही. दोर तसूभर सरकला आणि पुन्हा थांबला.

आणि काका! टाळ्या आल्या म्हणून त्या मेल्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

मला हसू आलं. तशातही. ते हसू बघून पहिलवान भानावर आला की काय, कोण जाणे. त्याने पोतं उचललं. पहिल्यांदा आकडा चुकला. दुसऱ्यांदा लागला, आणि माझ्या खांद्यांवरून कुणी हात काढल्यासारखं झालं. दुसरं पोतं त्याने एका हाताने लावलं, आणि दुसऱ्या हाताने माझ्यामागे दोर धरला.

"आता दोघं मिळून," मी म्हटलं.

भाषणाचा न ऐकलेला तुकडा ऐकत आम्ही चंद्र उतरवला. शेवटचा शब्द झाला आणि चंद्र फळ्यांना टेकला. लोकांना वाटलं, असंच बसवलंय. टाळ्या थांबेनात.

मावशी धापा टाकत वर आली तेव्हा मी खाली बसले होते, तळवे वर करून. पहिलवान भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. पाठोपाठ चिमणी जिना चढून आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काडीताई, आज चंद्र किती रेंगाळला गं! माझी वाक्यं सगळी काकांनीच खाल्ली."

मावशीने माझे तळवे पाहिले. पदराने हलकेच टिपले. 

"कुठपर्यंत ऐकलंस?"

"शेवटपर्यंत."

"बरं," मावशी म्हणाली. "हात बरे झाले की राणीचं भाषण घेऊ. ते याच्याहून लांब आहे."