बर्फाच्या कारखान्यातलं घर

मित्रांनो, मी एक जुना फ्लॅट आहे. हे ऐकून माझ्याकडे येणारे पाहुणे हसतील. त्यांना माझ्या चकचकीत फरशा दिसतात, तीन-तीन काचांच्या खिडक्या दिसतात, माणूस आत येताच आपोआप लागणारे दिवे दिसतात. पण माझ्या बाहेरच्या दोन भिंती शंभरीला टेकल्या आहेत आणि त्या हातभर जाड आहेत. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करू नये, असं म्हणतात. ते माणसांनी पाळावं. माझ्या वतीने बोलायला दुसरं आहे कोण?

मी पूर्वी बर्फाचा कारखाना होतो. घरोघरी फ्रीज नव्हते तेव्हा दवाखान्यांना, मासळीबाजाराला आणि सरबतवाल्यांना माझाच बर्फ जाई. माणसाएवढ्या लाद्या साखळीने उचलून छताच्या लोखंडी हुकाला टांगत आणि तिथून खाली गाडीत सोडत. बाहेरची ऊब आत शिरू नये म्हणून गवंड्यांनी दुहेरी भिंती बांधल्या आणि मधल्या पोकळीत लाकडाचा भुसा ठासून भरला. मे महिन्यातसुद्धा माझे कामगार स्वेटर घालून येत.

माझी गल्ली मात्र बदनाम होती. भरदिवसा सुरे निघत. रिक्षावाले नाक्यावरच थांबत आणि "पुढचं तुमचं तुम्ही बघा" म्हणून उतरवून देत. इथला पत्ता सांगितला की नोकरी मिळत नसे, आणि नोकरी असली तर मुलगी मिळत नसे. पुढे कारखाना बंद पडला. काचा फुटल्या, कबुतरं आली, कबुतरांमागोमाग चोर आले. ज्या खोलीत आज सोफा आहे तिथे ते चोरीच्या मालाची वाटणी करत. ते दिवस आठवले की अजून वाईट वाटतं.

एके दिवशी मला पाडायला माणसं आली. त्यांच्याबरोबर एक वास्तुविशारद बाई होत्या. बाहेर ऊन रणरणत होतं. त्यांनी आत येऊन माझ्या भिंतीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. मग म्हणाल्या, "ही पाडायची नाही. अशी भिंत आता कुणी बांधून देणार नाही."

काय सांगू, मित्रांनो, माझी छाती फुगली. कारखान्याची पंधरा घरं झाली. त्यांतलं दुसऱ्या मजल्यावरचं मी. माझ्या फटी बुजवल्या, खिडक्यांना रबर लावलं. शिळी हवा बाहेर टाकून ताजी आत घेणारा पंखा बसवला. गच्चीवर सूर्याच्या उन्हावर वीज करणाऱ्या पट्ट्या आल्या. दाराशी आकडे दाखवणारा एक छोटा पडदा लावला. आत किती गार आहे आणि वीज किती कमी जळली, ते त्यावर दिसतं. कमी वीज जाळणारी इमारत म्हणून आम्हाला बक्षीसही मिळालं. छतातला जुना हुक घासूनपुसून तसाच ठेवला, पण सजावटवाल्याने बजावलं, "याला काही अडकवू नका, शोभा जाईल." गल्लीतले लोक आम्हाला 'फ्रीजवाली बिल्डिंग' म्हणू लागले. म्हणेनात का. मला ते आवडतं.

मला विकत घेतलं ते एका दातांच्या डॉक्टरबाईंनी. त्यांचे यजमान जहाजावर असतात, म्हणून घरात त्या आणि त्यांची मुलगी टिकली अशा दोघीच. आणि गंमत बघा, डॉक्टरबाईंचे वडील माझ्या जुन्या ओळखीचे निघाले. तरुणपणी ते माझ्याकडेच लाद्या ओढायचे. हात सदा थंडगार, म्हणून गल्ली त्यांना 'गारठ्या' म्हणायची. मुलगी, म्हणजे या डॉक्टरबाई, तीन वर्षांची झाली तेव्हा त्यांनी सगळा संसार हातगाडीवर घातला, वर तिला बसवलं आणि ते निघून गेले. या गल्लीत पुन्हा पाय ठेवणार नाही, अशी शपथ घेऊनच गेले.

त्यामुळे मुलीने घर घेतलं तेव्हा बाबा भडकले. "ज्या गल्लीतून तुला बाहेर काढायला मी हाडाची काडं केली, तिथेच परत गेलीस?" माझे फोटो बघून म्हणाले, "खिडक्या उघडायच्या नाहीत म्हणे. याला घर नाही म्हणत, थर्मास म्हणतात." हे मला फार लागलं. ज्याने माझ्याकडे दहा वर्षं घाम गाळला, निदान त्याने तरी असं म्हणायला नको होतं.

पण प्रश्न माझ्या मानापमानाचा नव्हता. बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला, पत्र्याखालच्या खोलीत एकटे राहायचे. मागच्या उन्हाळ्यात ते चक्कर येऊन पडले. असा आणखी एक उन्हाळा यांना झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि यंदाचा उन्हाळा तर आग ओकत होता. मुलीने विनवलं, रागावून पाहिलं, रडूनही पाहिलं. बाबांचं एकच पालुपद, "मी त्या गल्लीत पाय ठेवणार नाही."

तोडगा काढला टिकलीने. "आजोबा, आपली गाडी थेट तळघरात जाते. तिथून लिफ्ट थेट घरात. तुमचा पाय गल्लीत पडतच नाही."

आजोबा नातीपुढे हरले. तरी "चारच दिवस हं" असं बजावून, एक कापडी पिशवी घेऊन ते आले. ती पिशवी त्यांनी उघडलीसुद्धा नाही. दाराशीच ठेवली, कधीही उठून निघता यावं म्हणून. माझ्या भिंतीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या शहराची वीज गेली. लिफ्ट बंद पडली. माझा हवेचा पंखा गच्चीवरच्या साठवलेल्या विजेवर चालत होता आणि मी आतून गार होतो. पण बाबांचा जीव गुदमरायला लागला. खरं तर तसं काही कारण नव्हतं, सवय दुसरं काय. त्यांनी उठून खिडकी सताड उघडली. पडद्यावरचा आकडा वर चढला. मी मनातल्या मनात म्हटलं, केलंस नुकसान.

खाली गल्लीतल्या एका पायरीवर एक बाई बसली होती, डोक्यावर ओलं फडकं घेऊन. ती इस्त्रीवाली. जन्मापासून याच गल्लीत राहिलेली, वर पत्रा आणि समोर कोळशाची इस्त्री. बाबा बघतच राहिले. "ही अजून इथेच आहे?"

"आजोबा, तुम्ही ओळखता त्यांना?"

"आम्ही एकाच पायरीवर वाढलो," ते म्हणाले. तेवढ्यात बाईची मान एका बाजूला कलली.

टिकली म्हणाली, "मी जाते." पण बाबा कधीच जिन्याकडे निघाले होते. मी त्यांना थांबवणार कसा? उन्हात ज्यांचं पडणं ठरलेलं, तेच उन्हात चालले होते. एकेक पायरी धरून ते उतरले, फाटकापाशी क्षणभर थांबले आणि गल्लीत पाय ठेवला.

बाईने डोळे किलकिले केले. "गारठ्या ना रे तू? अजून मेला नाहीस?"

"तुला घेऊन जायला थांबलो होतो. ऊठ."

बाबांनी आणि मागोमाग उतरलेल्या टिकलीने तिला हाताला धरून वर आणलं. मग बाबा पुन्हा खिडकीपाशी गेले आणि गल्लीला हाका मारल्या. शिंपी आला, दोन म्हातारे आले, तान्ह्या बाळाला घेऊन एक आई आली. फरशीवर माणसंच माणसं झाली. ते बाळ माझ्या भिंतीला गाल लावून झोपलं. पडद्यावर आमचं बक्षीस घालवणारा आकडा दिसत होता आणि मला त्याचं काहीच वाटेना. उलट आयुष्यात एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

संध्याकाळी डॉक्टरबाई दवाखान्यातून परतल्या, धापा टाकत जिना चढून आल्या. समोरचं दृश्य बघून त्यांनी आधी वडिलांची नाडी बघितली. मग विचारलं, "बाबा, तुम्ही गल्लीत गेलात?"

"शपथ माझी, पायही माझेच," बाबा म्हणाले. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. "थर्मासच आहे हा. पण चांगला आहे."

मित्रांनो, तुमच्या घराची काळजी घ्या. खिडक्यांची रबरं पुसा, पंख्याची जाळी धुवा, दार आपटू नका. मात्र दारावर कुणी आलं, तर आतला गारवा जाईल म्हणून दार लावून बसू नका. गारवा पुन्हा येतो. हे मी बर्फाच्या कारखान्याच्या अनुभवावरून सांगतो.

आणि माझ्याकडे कधी आलात, तर छताच्या हुकाला एक कापडी पिशवी दिसेल. त्या रात्री बाबांनी ती दाराजवळून उचलली, स्टुलावर चढून हुकाला अडकवली आणि झोपायला गेले. शोभा गेली म्हणतील कुणी. पण त्या पिशवीला हात लावू नका.