रानकोंबडीच्या वाटेवर

तिसऱ्या दिवशी माझ्या कंबरेचे तीन तेरा वाजले होते आणि यादीतली अजून दोन ठिकाणं बाकी होती. यादी आमच्या लेकीची, जोलीनची. "आई, बाबांना घेऊन कॅन्सस फिरून ये. गाडीत दोघंच असलात की बोलतील."

बोलतील कसले! माझा नवरा ओरिन दोनदा ट्रॅक्टरवरून पडला, म्हणून मी हट्टच धरला आणि मार्चमध्ये शेत-घर विकून आम्ही शहरातल्या दोन खोल्यांत आलो. त्यानं सही केली, पेन ठेवलं, आणि तेव्हापासून माझ्याशी "हो", "नको", "बरं" एवढंच. आता नोव्हेंबर उजाडला होता. त्यानं मला माफ करावं एवढंच हवं होतं. निदान एक सणसणीत भांडण तरी.

तर त्याआधी काटेरी तारेचा गोळा पाहिला होता, ट्रकएवढा. "एवढ्या तारेत आपल्या अख्ख्या कुरणाला कुंपण झालं असतं," मी म्हटलं. ओरिननं मान हलवली. मग रस्त्याकडेची ऐतिहासिक पाटी: इथून बैलगाड्यांचा तांडा पश्चिमेला गेला. समोर नुसतं गवत. मी मोठ्यांदा वाचत होते तोवर वाऱ्यानं माझी टोपी नेली. ती आणायला तो गेला, लंगडत, न बोलता. मला रडूच आलं मेलं.

पुढचं ठिकाण म्हणजे गवताळ मातीच्या ढेपांचं जुनं घर, आमच्या शेतापासून वीस मैलांवर. मी ते गाळणारच होते, पण ओरिननं यादीवर बोट ठेवलं. तिथं तिकिटाला नवीन पोरगी होती, आम्हाला न ओळखणारी. बरंच झालं.

"सिमेंटची मोठी रानकोंबडी आहे ना, तिकडे कसं जायचं गं?" मी यादीतल्या शेवटच्या ठिकाणाचं विचारलं.

"पूल बंद आहे, आजी. मागच्या रस्त्यानं जा. जळक्या चर्चवरून सरळ, मग हॅवरकॅम्पांच्या घरापाशी डावीकडे."

ओरिनचा हात दारावरच थांबला.

हॅवरकॅम्प म्हणजे आम्ही. एक्केचाळीस वर्षं तिथं राहिलो, आणि एक्केचाळीस वर्षं सगळा गाव आमच्या घराला लिंडक्विस्टांचं घर म्हणायचा. आमच्याकडे रीतच तशी, घराला नाव आधीच्या मालकाचं. ओरिन काय चिडायचा! "छप्पर तीनदा मी बदललं, आणि नाव त्या लिंडक्विस्टचं?"

"तिथं आता कोण राहतं?" त्यानं त्या पोरीला विचारलं.

"कोणीतरी नवीन आहेत. नाव नाही बाई लक्षात."

गाडीत बसलो. मला किल्ली फिरवायचा धीर होईना.

"नको जाऊया त्या रस्त्यानं," मी म्हटलं. "कोंबडी काय पळून जात नाही."

"माणूस मेला, घर दुसऱ्याकडे गेलं, की मग त्याला त्याचं नाव लागतं," ओरिन म्हणाला. "मला तू ते जिवंतपणीच ऐकवलंस."

आठ महिन्यांत माझ्याशी बोललेलं पहिलं धड वाक्य, आणि तेही असं. भांडायचं त्राण नव्हतं, म्हणून जे आलं ते बोलून गेले.

"ओरिन, चुकलं का रे माझं?"

त्यानं जोलीनच्या यादीची घडी घातली.

"नाही," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा पडलो असतो तर उठलो नसतो. पण हे विचारायला तुला आठ महिने लागले, अगं. मी रोज वाट बघायचो."