अंगठ्याची खोड

देवराव कोणावरच विश्वास ठेवायचे नाहीत, आणि त्या वर्षी त्यांना संशय घ्यायला सवडही भरपूर होती. कापसाचे भाव पडले होते, आर्णीत लग्नपत्रिका छापून घेणारे कमी झाले होते. सभा-मोर्चांची पत्रकं तेवढी वाढली होती. त्यात त्यांच्या डीटीपीच्या दुकानातला ऑपरेटर पुण्याला निघून गेला. रस्त्यापलीकडं पूनमसिंगचं तसंच दुकान. आपली डिझाइनं तोच चोरतो, अशी देवरावांची पक्की खात्री. पुरावा विचाराल तर शून्य.

अशात मोनाली काम मागायला आली.

"नागपूरच्या प्रेसमंधी मॅकवर होती, भाऊ. वेगळ्या कंपनीचा कॉम्प्युटर असते तो. प्रेस बंद पडलं. ह्या तुमच्यासारख्यावर कधी बसली नाही, पण जमन. नाही जमलं त गावाले, मुकुटबनले जाऊन कापूस वेचा लागते."

देवरावांनी तिला एका सभेचं पत्रक करायला दिलं आणि हात पाठीमागं बांधून तिच्या खुर्चीमागं उभे राहिले. पोरीनं पानं मांडायचा प्रोग्रॅम, पेजमेकर, उघडला, कॉलम पाडले, न शोधता हवा तो मेनू उघडला. जणू इथंच वाढली होती. मधूनमधून मात्र चुकीचं बटण दाबलं जाऊन कॉम्प्युटर 'टुंग' करायचा.

"कधी बसली नाही म्हणते, मंग सारं कसं येऊन राह्यलं तुले?"

"पेजमेकर तोच हाय ना, भाऊ. मेनू तेच, खिडक्या त्याच. फक्त मॅकवर कमांडचं बटन स्पेसबारच्या बाजूले असते. इथं कंट्रोल कोपऱ्यात हाय. अंगठा जुन्याच जागी जाते, अन् टुंग वाजते."

"दोन कंपन्यांचं सारं सारखं असते काय कुठं? पूनमसिंगकडं शिकली तू. चुकाचं नाटक कायले करतं? त्यानंच धाडलं तुले!"

मोनालीचे डोळे भरले. पत्रक सेव्ह करताना पुन्हा टुंग झालं. मग तिनं ते नीट सेव्ह केलं आणि चपला घालून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती पूनमसिंगच्या दुकानात शिरताना दिसली. सापडली! देवराव हिला रंगेहाथ पकडायला ताडताड रस्ता ओलांडून गेले. दारात पोचले आणि आतून आवाज आला.

टुंग. थोड्या वेळानं पुन्हा टुंग.

देवराव थबकले. ही इथं शिकलेली असती, तर इथं कशाला चुकेल? आणि इथं नाटक कोणासाठी करील? तिच्या खुर्चीमागं पूनमसिंग हात पाठीमागं बांधून उभा होता.

"खरं सांग, देवरावनं धाडलं ना तुले?"

देवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दुकानात त्यांनी आजवर पाऊल ठेवलं नव्हतं, ते ठेवलं.

"म्या नाही धाडलं. पोरगी खरी हाय, म्याच चुकलो," ते म्हणाले. "चाल पोरी, मी तुले न्यायले आलो."

मोनालीनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. अंगठा पुन्हा चुकला.

"येते, भाऊ," ती म्हणाली. "पण माह्या खुर्चीमागं उभं राह्याचं नाही."