नळ डावीकडे

धाकटीने न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद चिकटवून तिथे फोटो छापायचा संसार थाटला, तेव्हा आप्पांनी एवढंच विचारलं होतं, "आता आंघोळीला शेजारी जायचं का?" जुना रोलचा कॅमेरा गळ्यात अडकवून ती सगळी वस्ती पालथी घालायची. आणि फोटो कशाचे, तर तारेने बांधलेल्या फाटकाचे, पाण्याच्या मीटरच्या पेटीचे, ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही अशा कोपऱ्यांचे. आप्पांना त्याचं नवल नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी याच वस्तीत टपाल वाटलं होतं. हे कोपरे त्यांना तोंडपाठ होते.

होते, असंच म्हणायला हवं. तीन आठवड्यांपूर्वी भाजी आणायला म्हणून गेलेले आप्पा स्वतःची गल्ली ओलांडून पुढच्या चौकात जाऊन उभे राहिले. इस्त्रीवाल्याने हाताला धरून घरी आणलं. त्या दिवसापासून त्यांचं एकट्याने बाहेर पडणं बंद झालं. दादाचा परगावाहून फोन आला. "आणखी एक चूक झाली, की मी त्यांना इकडे घेऊन येणार." धाकटीला ते नको होतं. आप्पांना तर नकोच होतं, पण त्यांना विचारतो कोण?

म्हणून रविवारी तिने नवे सहा फोटो त्यांच्यापुढे ठेवले. "ओळखा बघू, आप्पा. गंमत म्हणून."

गंमत कसली, परीक्षा होती, आणि ते न कळण्याइतके आप्पा भोळे नव्हते. त्यांनी चष्मा पुसला. फाटक ओळखलं, पेटी ओळखली, इस्त्रीच्या दुकानामागची फुटकी पायरी ओळखली. पाच झाले. धाकटीचा जीव भांड्यात पडायला एकच फोटो उरला होता.

"हा शिंप्याच्या मागचा जिना," आप्पा म्हणाले. "पण असा नाही. नळ डावीकडे आहे."

"फोटोत उजवीकडे दिसतोय ना."

"दिसू दे. बॅग माझ्या डाव्या खांद्याला. जिना चढताना कठडा उजव्या हातात, नळ डावीकडे. डोकं चुकेल माझं, हात नाही चुकायचा."

"आप्पा, कॅमेरा कशाला खोटं बोलेल?"

आप्पांनी फोटो उलटा ठेवला आणि चष्मा काढला. काय होईल ते खरं सांगेन, असा दादाला धाकटीने शब्द दिला होता, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन तिने कळवलं: पाच बरोबर, एक चुकला.

पण मन काही लागेना. चपला पायात सरकवून ती शिंप्याच्या मागे गेली. कठडा उजवीकडे होता. नळ डावीकडे टपटपत होता. ती बघतच राहिली, आणि मग तिच्या ध्यानात आलं. छापताना तिने निगेटिव्ह उलटी घातली होती, म्हणून डाव्याचं उजवं झालं होतं. फाटकाला, पेटीला, पायरीला ना अक्षर ना आकडा, की उलटं दिसून चूक कळावी. अख्खा रोल उलटला असता तरी तिला पत्ता लागला नसता. आपल्या गाढवपणापायी बाप घरातून जाणार होता.

तिथूनच तिने दादाला फोन लावला. "चूक माझी होती. त्यांचे सहाच्या सहा बरोबर आहेत. मी त्यांना कुठेही पाठवणार नाही." दादा म्हणाला, "बरं."

घरी येऊन तिने आप्पांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"त्या दिवशी मी खरंच चुकलो होतो," ते म्हणाले. "तेही खोटं नाही."

"माहीत आहे."

थोड्या वेळाने ते उठले, सदरा झटकून घातला, दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

"खाली एक चक्कर मारून येऊ का?"

"मला काय विचारता, आप्पा?"

"सवय लागली," आप्पा म्हणाले.