लाभ, दोन, तीन

जैनथजवळच्या उद्धवरावांना बुद्धिबळातलं एवढंच ठाऊक होतं, की घोडा अडीच घरं जातो. तरी त्या दुपारी कापसाची फवारणी अर्धी टाकून ते लॅपटॉपसमोर मांडी ठोकून बसले होते, आणि शेजारी बायको जयवंताबाई.

त्यांच्या लेकीने, शीतलने बुद्धिबळाचं इंजिन तयार केलं होतं, म्हणजे आपल्या डोक्याने खेळणारा संगणकाचा प्रोग्राम. अशा इंजिनांच्या ऑनलाइन स्पर्धेत तिचा ‘रानघोडा’ थेट अंतिम फेरीत धडकला. समोर होतं शहरातल्या राजकुमारचं ‘वज्र’. झालं, इंटरनेटवर दोन तट पडले. यंत्रं राहिली बाजूला आणि माणसंच एकमेकांच्या उरावर बसली. आदिलाबादहून खुशाल नावाचा वार्ताहर कॅमेरा घेऊन हजर झाला, आणि जयवंताबाईंनी त्याला तीनदा चहा पाजून तीनदा स्वतःचे केस सारखे केले.

ऐन वेळी राजकुमारने तक्रार ठोकली की रानघोडा ही वज्राची सरळ नक्कल आहे. दोन्ही इंजिनांच्या चाली इतक्या जुळत होत्या की व्हिडिओवर जोडलेल्या पंच प्रियदर्शनी मॅडमनी डाव थांबवला. चारच्या आत खरं-खोटं ठरलं नाही तर शीतल बाद, आणि तेही चोर म्हणून, साऱ्या जगापुढे. शीतल सांगत राहिली की मागच्या दिवाळीत तिनेच महिनाभर आपला प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला ठेवला होता, चोरी झाली असेल तर तेव्हाच. पण हिचं ऐकतो कोण! खुशालनेही माईक पुढे करून विचारलं, नक्कल केली का? पोरीचे डोळे भरून आले आणि उद्धवरावांच्या अंगाचा तिळपापड झाला.

पावणेचारला मॅडमनी राजकुमारला सांगितलं, इंजिन विचार कसा करतं ती आतली नोंद उघडून दाखव. त्याने ऐटीत दाखवली. पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत चालींच्या याद्या धावू लागल्या. शीतल खाली मान घालून डोळे पुसत होती. उद्धवरावांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक यादीच्या वरची पहिली चार अक्षरं पाहून ते ताडकन उठले.

“शीतल, तिकडे पाय, पडद्यावर. वरतं आपला लाभ हाय.”

शीतलने मान वर करून पाहिलं. प्रोग्राम लिहिताना ती ओसरीवर बसायची आणि बाबा शेजारी ज्वारी मापायचे. तिने हौसेने आपल्या इंजिनालाही चाली तशाच मोजायला लावल्या, आणि LABH ही चार अक्षरं पहिल्यांदा उमटली तेव्हा बाबांना हात धरून दाखवली होती.

मॅडमनी राजकुमारला त्या शब्दाचा अर्थ विचारला. तो आधी म्हणाला तांत्रिक खूण आहे, मग म्हणाला लघुरूप आहे, मग त्याला खोकलाच आला.

“बाबा, तुमी सांगा,” शीतल म्हणाली.

उद्धवराव सांगत बसले नाहीत. त्यांनी घरातून पायली आणली, ज्वारीचं पोतं कॅमेऱ्यासमोर ओढलं आणि मापायला लागले. पहिली पायली टोपलीत रिती करताना म्हणाले लाभ, मग दोन, मग तीन, मग चार. आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आजोबा-पणजोबांपासून. शीतलने ते हिंदीत सांगितलं, आणि मग रानघोड्याची नोंद उघडली. तिथेही हुबेहूब तेच.

खुशालच्या थेट प्रक्षेपणाखाली प्रतिक्रियांची झुंबड उडाली. राजकुमारच्या तटातलेच लोक त्याला विचारू लागले, बाबा रे, तुझ्या घरी कोण ज्वारी मापतं? त्याने गुपचूप कॅमेरा बंद केला. चारला दोन मिनिटं असताना मॅडमनी वज्र बाद करून डाव रानघोड्याला दिला. जयवंताबाईंनी भर ओसरीवर लेकीला मिठी मारली. तिकडे टोपली लवंडली तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

उद्धवरावांना इतका आनंद झाला होता की हातातली पायली ठेवायचंही त्यांना सुचेना. पडद्यावर शीतलच्या नावापुढे गुण उमटला. खुशालने माईक त्यांच्या तोंडाशी नेला आणि विचारलं, काका, पोरीने किती डाव जिंकले?

उद्धवरावांनी पडद्यावरच्या त्या एकाच्या आकड्याकडे पाहिलं.

“लाभ,” ते म्हणाले, “अजून मापनं चालू हाय.”