रत्ना पश्चिमेकडे वाढते

आमची गाय रत्ना पहिल्या वेतानंतर लांब व्हायला लागली. उंची तीच, रुंदी तीच. फक्त तोंड आणि कास यांच्यातलं अंतर रोज थोडं वाढायचं. आधी आम्ही गव्हाण पुढे सरकवली. मग गोठ्याची पश्चिमेची भिंत पाडली.

रत्नाचा गर्भ प्रयोगशाळेत तयार झालेला. दूध वाढावं म्हणून त्याच्या जनुकांत बदल केले होते, आणि आमच्या खिलार गाईने तो पोटात वाढवला होता. तिथल्या डॉक्टर मगदूमबाई टेप घेऊन आल्या. टेप पुरला नाही.

"हिचं दूध लांबीत आहे," त्या म्हणाल्या.

ते खरं होतं. ती लांबत गेली तसं दूध वाढत गेलं. संकलन केंद्राची गाडी आमच्याच दारात भरून परत फिरायची.

माझे यजमान भूपाल तिला वैरण घालायचे, मी धार काढायचे. दुसऱ्या कुणाच्या हातचं ती खात नव्हती, आणि दुसऱ्या कुणी आचळाला हात लावला की पान्हा चोरायची. पूर्वी आम्ही तिच्या दोन टोकांना बसून बोलायचो, पाऊसपाण्याचं, थोरल्या लेकीच्या सासरचं. मग जरा मोठ्याने बोलावं लागलं. मग यजमान सकाळी डोक्याकडे निघाले की दुपारी परतायला लागले, आणि पुढे दिवेलागणीला.

तिचं पोट शेजारच्या उसातून गेलं, ओढ्यावरून गेलं. मधे पाय नव्हते, तरी ते कुठे वाकलं नाही. लोक खालून वाकून जायचे. कुणी तक्रार केली नाही. उन्हाळ्यात तिच्या सावलीत बाजार भरायला लागला.

एकदा यजमानांनी घोंगडं आणि भाकऱ्या बांधून घेतल्या. आता रोज येणं जमायचं न्हाई, म्हणाले.

"तुम्ही कुठं आहात ते मला कसं कळणार?"

"दूध पिऊन बघ."

कळायचं. मक्याचा गोडवा जाऊन भाताच्या पेंढ्याचा वास आला, तेव्हा ते राधानगरीपाशी होते. मग दुधात कारवीचा कडवटपणा उतरला, म्हणजे घाट. मी तिच्या कुशीला कान लावायचे. आत रवंथ चाललेला असायचा, आणि फार लांब कुणीतरी तिची मान थोपटत असायचं. मीही थोपटायचे. माझं थोपटणं पोचत होतं की नाही, कोण जाणे.

मग दूध खारट लागलं. कासदाह असेल म्हणून मगदूमबाईंनी नमुना तपासला. कासदाह नव्हता.

"समुद्र लागला असेल," मी म्हणाले.

"असेल," त्या म्हणाल्या.

यजमानांना पोहता येत नाही. मी विचारलं, धार बंद करून हिला आटवलं तर? त्यांनी रत्नाच्या पाठीवरून हात फिरवला.

"आटवलं तर आखडेल. पण कुठल्या टोकाकडे, ते आम्हाला माहीत नाही."

केंद्राची माणसं येऊन विनवून गेली. सगळ्या तालुक्याचा चहा या दुधावर होता. मी त्यांना पाणी दिलं आणि धार काढणं बंद केलं. कास तटतटली. रत्ना हंबरली नाही, कारण तोंड इथे नव्हतं. मागचे पाय तेवढे आपटत राहिली. हळूहळू कास सैल पडली.

मग ती आखडायला लागली. पण मागचे पाय जागचे हलले नाहीत, आणि पुढचेही हलले नसावेत. मधली जमीनच घडी पडत जवळ आली. शेजारचा ऊस दिसेनासा झाला. ओढा एका पावलाचा उरला. एका सकाळी राधानगरीच्या धरणाची भिंत परसात उभी होती, दुपारी नव्हती. घाटाची सावली चुलीपर्यंत आली आणि खाट उभी करून ठेवावी लागली. मगदूमबाईंना फोन लावला, तर त्यांचा आवाज कागद चुरगळावा तसा आला. त्या कुठल्यातरी घडीत होत्या. ठीक आहे, म्हणाल्या, फक्त उभं राहता येत नाही.

आज उठले तेव्हा उंबऱ्याशी लाटा होत्या. रत्ना चारचौघींएवढी झाली होती. तिच्या तोंडापाशी, गुडघाभर पाण्यात, यजमान पाठमोरे उभे होते. दाढी वाढली होती. हात पुढे केला असता तर खांद्याला लागला असता.

"अहो," मी म्हणाले.

ते वळले. कपाळावर आडवा हात धरून, डोळे बारीक करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात तोंडाशी नेले आणि पलीकडच्या डोंगराला हाक घालावी तसा छातीभर श्वास घेतला.